कमी दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा: आरओपीबद्दल पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

आरओपी म्हणजे नेमकं काय?

डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला जो पडदा असतो त्याला दृष्टिपटल म्हणतात. समोरचं चित्र याच पडद्यावर उमटतं. त्याला रक्त पोचवणाऱ्या बारीक वाहिन्या बाळ पोटात असतानाच तयार होतात. बाळ वेळेआधी जन्मलं की हे काम अर्धवट राहतं, आणि उरलेल्या भागात वाहिन्या कधी कधी वेड्यावाकड्या वाढतात. 'रेटिनोपथी ऑफ प्रिमॅच्युरिटी' हे या आजाराचं पूर्ण नाव, पण इस्पितळात सगळे आरओपीच म्हणतात. बहुतेक बाळांमध्ये तो सौम्य असतो आणि आपोआप ओसरतो. थोड्या बाळांमध्ये मात्र या वाहिन्या पडदा ओढून सोडवतात आणि बाळ कायमचं आंधळं होतं. कोणतं बाळ कुठल्या वाटेने जाणार हे बाहेरून बघून कुणालाच कळत नाही. बाळाच्या आईला कळत नाही, तसंच बालरोगतज्ज्ञालाही कळत नाही.

पूर्ण दिवसांच्या बाळाला हा आजार का होत नाही?

पडद्यावरच्या वाहिन्या साधारण सोळाव्या आठवड्यात, डोळ्याची नस जिथे आत शिरते तिथून फुटायला लागतात आणि कडेकडे सरकत जातात. नाकाकडची कड त्या सुमारे ३६व्या आठवड्यात गाठतात आणि कानाकडची कड ४०व्या आठवड्याच्या सुमारास. नऊ महिने भरून आलेल्या बाळाचं हे काम जवळजवळ उरकलेलं असतं.

आता २९व्या आठवड्यात जन्मलेलं बाळ घ्या. त्याच्या पडद्याचा बराच भाग अजून उघडा आहे. पोटात असताना त्याला ऑक्सिजन बेताचा मिळत होता आणि त्या बेताच्या पुरवठ्यावरच वाहिन्यांची वाढ चालली होती. बाहेर आल्यावर हवेतून, आणि यंत्रातून तर आणखीच, ऑक्सिजन एकदम वाढतो. मग पडदा वाहिन्या वाढवणारं रसायन सोडायचं थांबवतो आणि वाढ तिथेच अडते. हा झाला पहिला भाग. पुढच्या काही आठवड्यांत पडदा जाड होतो, त्याची भूक वाढते आणि वाहिन्या नसलेल्या भागाला ऑक्सिजन कमी पडायला लागतो. तेव्हा तेच रसायन तो फार जास्त सोडतो. त्याचं नाव व्हीईजीएफ. त्याच्या जोरावर नव्या, नाजूक, रक्त गळणाऱ्या वाहिन्या पडद्याच्या वर, डोळ्यातल्या जेलीत फुटतात. हा दुसरा भाग साधारण ३२व्या आठवड्यानंतर (पोटातले आणि बाहेरचे आठवडे मिळून) सुरू होतो. म्हणूनच जन्मल्या जन्मल्या तपासलं तर काही दिसत नाही, आणि फार उशिरा तपासलं तर करण्यासारखं काही उरत नाही.

म्हणजे ऑक्सिजन दिला म्हणून हे झालं का? द्यायलाच नको होता का?

हा प्रश्न जवळपास प्रत्येक आईबाबांच्या मनात असतो, तेव्हा नीट उत्तर द्यायला हवं.

१९४२ मध्ये बॉस्टनच्या डॉ. टेरी यांनी या आजाराचं पहिलं वर्णन केलं. पुढची दहाएक वर्षं अमेरिका आणि युरोपातल्या चांगल्या चांगल्या इस्पितळांत हजारो मुलं आंधळी होत राहिली आणि कारण उमगत नव्हतं. १९५१ मध्ये मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी बोट ठेवलं ते बाळाला ऊब देणाऱ्या काचेच्या पेटीत सढळ हाताने सोडल्या जाणाऱ्या ऑक्सिजनवर. १९५४ पर्यंत अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीने तेच सिद्ध केलं. मग सगळीकडे ऑक्सिजनला कात्री लागली. आंधळी होणारी मुलं कमी झाली, पण दगावणारी आणि मेंदूला इजा होणारी बाळं वाढली. तेव्हापासून ही तारेवरची कसरत आहे.

आज काय करतात? बाळाच्या हाताला किंवा पायाला लाल दिव्याची पट्टी लावून रक्तातला ऑक्सिजन सतत मोजतात. बाळ ऑक्सिजनवर असताना तो ९० ते ९५ टक्क्यांमध्ये ठेवायचा आणि यंत्राचा अलार्म ८९ च्या खाली आणि ९५ च्या वर वाजेल असा लावायचा. १०० टक्के हा आकडा बघून पालकांना हायसं वाटतं. ऑक्सिजनवर असलेल्या कमी दिवसांच्या बाळाला मात्र तो नको. (बाळ साध्या हवेत श्वास घेत असेल तर ९८ किंवा १०० दिसलं तरी काळजी नाही.) ऑक्सिजन हवेत मिसळून देणारं ब्लेंडर हवं, कारण नळीतून सरळ येतो तो शंभर टक्के शुद्ध. ऑक्सिजन सतत वरखाली होणंही घातकच. दर वेळी बाळ निळं पडलं की नळ पूर्ण उघडायचा आणि मग बंद करायला विसरायचं, ही सगळ्यात वाईट सवय.

ऑक्सिजन हे एकमेव कारणही नाही. रक्तातला जंतुसंसर्ग, वारंवार रक्त चढवावं लागणं, फुप्फुसांचा त्रास, पहिल्या आठवड्यांत वजन नीट न वाढणं हे सगळं भर घालतं. सर्वांत मोठं कारण म्हणजे किती आठवड्यांत आणि किती वजनाचं बाळ जन्मलं. ज्या ऑक्सिजनने बाळ जगलं तो चुकीचा नव्हता. आता डोळे वेळेवर तपासायचे, एवढं आपल्या हातात आहे.

कोणत्या बाळाची तपासणी करायलाच हवी?

भारतात नियम असा: जन्मवजन २००० ग्रॅम किंवा कमी असेल, किंवा ३४ आठवडे भरायच्या आत जन्म झाला असेल, तर तपासणी हवीच. यातलं एक जरी लागू पडलं तरी पुरे. ३४ ते ३६ आठवड्यांत जन्मलेलं बाळ आजारी पडलं असेल, म्हणजे ऑक्सिजन लागला असेल, संसर्ग झाला असेल, रक्त चढवलं असेल, तर त्याचीही करायची.

इंटरनेटवर वाचून काही जण म्हणतात, "अमेरिकेत तर १५०० ग्रॅम आणि ३० आठवड्यांपर्यंतच तपासतात, आमचं बाळ १७५० ग्रॅमचं आहे." तो आकडा तिथला आहे. आपल्याकडे १५०० ग्रॅमच्या वरच्या, कधी ३२-३३ आठवड्यांच्या बाळांनाही लेसरचा उपचार लागावा इतका आजार झालेला दिसतो. त्यामागे ऑक्सिजनवरची देखरेख आणि संसर्ग ही मोठी कारणं आहेत. आकडा आपल्या देशाचाच धरा.

पहिली तपासणी कितव्या दिवशी?

जन्मापासून ३० दिवसांच्या आत. २८ आठवड्यांच्या आत जन्मलेलं किंवा १२०० ग्रॅमहून कमी वजनाचं बाळ असेल तर त्याही आधी, दोन ते तीन आठवड्यांत.

हिशेब करून दाखवतो. बाळ १० जूनला जन्मलं, ३१ आठवडे, १४०० ग्रॅम. त्याची पहिली तपासणी १० जुलैपर्यंत व्हायला हवी. दुसरं बाळ त्याच दिवशी जन्मलं, पण २७ आठवडे आणि ९५० ग्रॅम. त्याची २४ जून ते १ जुलै या आठवड्यात. दिवस मोजायचे ते जन्मापासून. घरी सोडल्यापासून मोजलेत तर तारीख हुकलीच म्हणून समजा. बाळ तेव्हा एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) असलं तर डोळ्यांचे डॉक्टर पेटीपाशी येऊन तपासतात.

उत्तर हिंदुस्थानात यासाठी 'तीस दिन रोशनी के' असं घोषवाक्य आहे. भिंतीवरच्या कालनिर्णयावर तो दिवस लाल पेनाने गोल करून ठेवा.

"दीड महिन्याच्या लशीला जाऊ तेव्हाच डोळेही दाखवू", चालेल का?

नाही. दीड महिना म्हणजे ४२ दिवस. वरच्या उदाहरणातलं १० जूनचं बाळ लशीला २२ जुलैला जाईल, म्हणजे डोळ्यांची तारीख टळून बारा दिवस झालेले असतील. झपाट्याने वाढणाऱ्या आजारात बारा दिवसांत सगळं होऊन जातं. एकाच खेपेत दोन कामं उरकावीत असं वाटणं साहजिक आहे, पण इथे ते फार महागात पडतं. लस तिच्या दिवशी, डोळे त्यांच्या दिवशी.

सव्वा महिना होईपर्यंत बाळ-बाळंतिणीला बाहेर काढत नाहीत. घरची माणसं ऐकत नाहीत. काय करावं?

गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत ही अडचण येते आणि नेमकी तपासणीची तारीख सव्वा महिन्याच्या आत पडते. आमचा सल्ला असा की आजी-आजोबांशी वाद घालू नका, त्यांना कारण सांगा. सव्वा महिना घरात ठेवण्यामागे बाळाला संसर्ग होऊ नये हाच विचार होता आणि तो कमी दिवसांच्या बाळासाठी योग्यच आहे. तेव्हा बाहेर न्यायचं ते फक्त इस्पितळापर्यंत आणि परत. वाटेत कुणाकडे उतरायचं नाही, गर्दीच्या कदंब बसपेक्षा शक्य तर गाडी बघायची, बाळाला आईच्या छातीशी कांगारूसारखं धरून वरून दुपटं घ्यायचं, डोक्याला टोपी. आईला येणं शक्य नसेल तर बाबांनी किंवा मावशीने काढलेलं दूध घेऊन न्यावं. आई आली नाही म्हणून तारीख पुढे ढकलू नका.

शक्य असेल तर आजीलाच सोबत घेऊन जा. डॉक्टरांच्या तोंडून एकदा ऐकलं की पुढच्या तारखांची आठवण तीच करून देते.

डिस्चार्ज कार्डावर डोळ्यांबद्दल काहीच लिहिलेलं नाही. म्हणजे गरज नाही असं समजायचं का?

असं अजिबात समजू नका. बाळ वरच्या नियमात बसत असेल तर कार्डावर चार गोष्टी हव्यात: जन्म कितव्या आठवड्यात झाला, जन्मवजन, डोळ्यांची तपासणी झाली की नाही आणि झाली असल्यास काय दिसलं, आणि पुढची तारीख व ठिकाण. 'डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा' एवढंच मोघम लिहिलेलं असेल तर तारीख लिहून घेतल्याशिवाय वॉर्डातून निघू नका.

यातली ढिलाई किती भोवते याचं उदाहरण देशासमोर आहे. १९९६ मध्ये तामिळनाडूतल्या एका सरकारी इस्पितळात २९व्या आठवड्यात १२५० ग्रॅमची मुलगी जन्मली. तिच्या आईवडिलांना डोळ्यांच्या तपासणीबद्दल कुणी सांगितलंच नाही आणि तिची दृष्टी गेली. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबाला एक कोटी रुपयांहून जास्त भरपाई देण्याचा आदेश दिला. तपासणीबद्दल पालकांना सांगणं ही इस्पितळाची जबाबदारी आहे. तरीही, सांगितलं नाही तर तुम्ही विचारा. "आमच्या बाळाची आरओपीची तपासणी कधी?" एवढं एक वाक्य पुरतं.

गोव्यात कुठे जायचं?

बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) नवजात बाळांचा विभाग आणि नेत्रविभाग दोन्ही आहेत, तेव्हा पहिली विचारणा तिथे. बाळ मडगावच्या किंवा म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात किंवा खाजगीत जन्मलं असेल तर तिथल्याच बालरोगतज्ज्ञांकडून लेखी रेफर घ्या. चष्म्याचा नंबर काढणारे किंवा मोतीबिंदू करणारे सगळेच नेत्रतज्ज्ञ ही तपासणी करत नाहीत. त्यासाठी पडद्याचे तज्ज्ञ किंवा या कामाचं खास शिक्षण घेतलेले डॉक्टर लागतात. म्हणून निघण्याआधी फोन करून तीन गोष्टी विचारा: नवजात बाळाची आरओपी तपासणी करता का, कोणत्या वारी करता, आणि लेसर लागला तर इथेच होईल की पुढे पाठवाल. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी ठाऊक असलं की नंतरचे दोन दिवस धावपळीत जात नाहीत. सत्तरी-डिचोलीकडची काही कुटुंबं चोर्ला घाटातून बेळगाव गाठतात. पावसाळ्यात तो घाट कधी बंद पडेल याचा नेम नसतो, हे धरून चला.

तपासणी कशी करतात? बाळाला खूप त्रास होतो का?

तुम्ही खोलीत असाल किंवा बाहेर बसाल, आत काय चाललंय ते आधी कळलेलं बरं.

तपासणीआधी साधारण तासभर दूध देत नाहीत. पोट भरलेलं असलं तर बाळ ओकतं आणि ते श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. मग बाहुली मोठी करणारे थेंब, दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने दोन-तीन वेळा. बाळांसाठी हे औषध सौम्य लागतं: ट्रॉपिकामाइड ०.५ टक्के आणि फिनाइलएफ्रिन २.५ टक्के. मोठ्या माणसांच्या बाटलीत साधारण याच्या दुप्पट तीव्रता असते, म्हणून ती पातळ करून वापरतात. १० टक्क्यांचं फिनाइलएफ्रिन बाळाला कधीच घालायचं नाही, त्याने रक्तदाब चढतो. गालावर ओघळलेला थेंब लगेच कापसाने टिपतात, कारण त्या पातळ त्वचेतूनही औषध रक्तात जातं. इतकं करूनही बाहुली मोठी होत नसेल तर डॉक्टर सावध होतात. आजार फार वाढला असेल तर बुबुळावर रक्तवाहिन्या येतात आणि बाहुली ताठ राहते.

बाहुली मोठी झाली की बाळाला हात आत घेऊन दुपट्यात घट्ट गुंडाळतात. जिभेवर साखरेच्या पाण्याचे किंवा आईच्या दुधाचे दोन थेंब. डोळ्यात बधिर करणारा थेंब. मग पापण्या उघड्या ठेवायला तारेचा एक छोटा चिमटा बसवतात आणि बोथट टोकाच्या दांड्याने डोळा हलकेच दाबून फिरवतात, म्हणजे पडद्याची अगदी कडही दिसते. डॉक्टरांच्या कपाळावर दिवा असतो आणि हातात भिंग. एका डोळ्याला काही मिनिटं लागतात. बाळ रडतं, लालेलाल होतं. बघवत नाही हे खरं, पण काही मिनिटांतच संपतं. नर्स शेजारी उभी राहून हृदयाचे ठोके आणि ऑक्सिजन बघत असते, कारण डोळा दाबल्यावर काही बाळांचे ठोके मंदावतात किंवा श्वास क्षणभर थांबतो. तसं झालं तर हात लगेच काढतात.

काही ठिकाणी भिंगाऐवजी डोळ्यावर टेकवायच्या कॅमेऱ्याने फोटो काढतात. कर्नाटकात २००८ पासून किडरॉप नावाच्या कार्यक्रमात प्रशिक्षित तंत्रज्ञ तालुक्या-जिल्ह्यांच्या गावी जाऊन असे फोटो घेतात आणि बंगळुरूचे डॉक्टर ते वाचतात.

घरी आल्यावर काय दिसेल?

पापण्या किंचित सुजलेल्या, पांढऱ्या भागावर लाल डाग, आणि दिवसभर उजेडाला डोळे मिटून घेणं. हे चालतं, डाग आपोआप जातो. दूध अर्ध्या-एक तासाने सुरू करा. मात्र बाळ निळं पडलं, श्वास थांबला, पोट फुगलं, दोन-तीन वेळा दूध घेतलंच नाही किंवा डोळ्यातून पू आला तर सरळ इस्पितळ गाठा. रात्र असेल तर १०८.

रिपोर्टमध्ये 'झोन', 'स्टेज' आणि 'प्लस' लिहिलंय. वाचायचं कसं?

झोन म्हणजे वाहिन्या कुठवर पोचल्या. झोन १ हे नसेभोवतीचं मधलं वर्तुळ, झोन २ त्याबाहेरचा पट्टा, झोन ३ कानाकडची उरलेली चंद्रकोर. झोनचा आकडा जितका लहान तितकी काळजी जास्त. लोक नेमकं उलटं समजतात आणि 'झोन १' वाचून निश्चिंत होतात.

स्टेज म्हणजे कडेला काय चाललंय. १ मध्ये बारीक पांढरी रेघ, २ मध्ये तीच रेघ बांधासारखी उंच, ३ मध्ये बांधावरून नव्या वाहिन्या वर फुटलेल्या, ४ मध्ये पडदा थोडा सुटलेला, ५ मध्ये पूर्ण सुटलेला.

प्लस म्हणजे मधल्या मोठ्या वाहिन्या फुगलेल्या आणि नागमोडी झालेल्या. हा शब्द दिसला की आजार जोरात आहे असं समजा. ए-आरओपी (ॲग्रेसिव्ह, म्हणजे झपाट्याने वाढणारा आरओपी) हा आणखी एक प्रकार आहे. तो या पायऱ्या चढत बसत नाही, थोड्या दिवसांत पडदा सोडवतो.

पुन्हा पुन्हा किती वेळा यायचं?

दिसेल त्याप्रमाणे दर आठवड्याला, किंवा दोन-तीन आठवड्यांनी. उपचार लागेल इतका आजार बहुधा ३४ ते ३८ आठवड्यांच्या सुमारास वर येतो. इथे पोटातले आणि बाहेरचे आठवडे एकत्र मोजायचे: ३० आठवड्यांत जन्मलेलं बाळ सहा आठवड्यांचं झालं की ३६. वाहिन्या कडेपर्यंत पोचल्या, किंवा ४५ आठवडे उलटले आणि उपचाराजोगं काही नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं की मगच तपासणी संपली. 'आज ठीक आहे' म्हणजे 'सुटलो' नव्हे.

तारीख चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) दिवसांत पडली तर?

तारीख आधीची मागून घ्या, नंतरची नको. चवथीला गावच्या घरी जायचं असतं, ओपीडीलाही सुटी असते, हे डॉक्टरांना ठाऊक असतं. दोन आठवडे आधी सांगितलं तर सोय होते. न सांगता गेलं की आठवड्याचे तीन आठवडे होतात. शिगमो, नाताळ, मे महिन्याचं लग्न यांनाही हेच लागू. माहेरी राहायला गेलात आणि इस्पितळ बदललं तर जुना कागद सोबत हवा.

उपचार लागेल असं सांगितलं. विचार करायला वेळ आहे का?

४८ ते ७२ तास. ए-आरओपी असेल तर त्याहून कमी. दुसऱ्या डॉक्टरांचं मत हवं असेल तर जरूर घ्या, पण ते त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. 'पुढच्या सोमवारी जाऊ' याला इथे जागा नाही.

कधी लागतो? झोन १ मध्ये प्लस असेल तर स्टेज कोणतीही असो. झोन १ मध्ये स्टेज ३ असेल तर प्लस नसला तरी. झोन २ मध्ये स्टेज २ किंवा ३ आणि प्लस असेल तर. बाकी सौम्य प्रकार फक्त बघत राहायचे असतात.

लेसर बरा की इंजेक्शन?

दोन्ही बरे, जागा वेगळ्या.

लेसरने पडद्याच्या वाहिन्या न पोचलेल्या भागावर बारीक बारीक डाग देतात, शेकड्यांनी, कधी हजाराच्या वर. तो भाग रसायन सोडायचं थांबवतो आणि वाईट वाहिन्या सुकतात. एका डोळ्याला पाऊण तास-तास जातो. बाळाला बधिर करणाऱ्या थेंबांवर, गुंगी देऊन किंवा पूर्ण भूल देऊन करतात. आठवड्याने पुन्हा बघतात, आणि मधे डाग सुटलेली जागा राहिली असेल तर दहा-पंधरा दिवसांत पुन्हा देतात. लेसरची मोठी जमेची बाजू म्हणजे एकदा आजार शांत झाला की तो सहसा उलटत नाही.

इंजेक्शनात व्हीईजीएफला अडवणारं औषध अगदी थेंबभर डोळ्यात सोडतात. बेव्हॅसिझुमॅब, रॅनिबिझुमॅब आणि ॲफ्लिबरसेप्ट ही त्यांची नावं. पाच-दहा मिनिटांचं काम. आजार अगदी मध्यभागी, म्हणजे झोन १ मध्ये असेल, किंवा बाळ इतकं नाजूक असेल की तासभर लेसर सोसणार नाही, तेव्हा हे फार उपयोगी. दोन-चार दिवसांत वाहिन्या वाळतात आणि पालकांना वाटतं, संपलं. इथेच फसगत होते. औषधाचा जोर ओसरला की आजार दोन-तीन महिन्यांनीही परत येऊ शकतो, आणि तोवर बाळ घरी गुटगुटीत झालेलं असतं. म्हणून इंजेक्शननंतर ६५ आठवड्यांपर्यंत (पोटातले आठवडे धरून), कधी पुढेही, तपासणी चालू ठेवावी लागते. दूरच्या वाड्यावरून इतक्या खेपा जमणार नसतील तर हे डॉक्टरांना आधीच स्पष्ट सांगा. त्यावरून ते लेसर निवडतील. शिवाय थोडं औषध रक्तात उतरतं. वाढत्या शरीरावर त्याचा दूरगामी परिणाम काय, यावर अजून अभ्यास चालू आहे.

इंजेक्शननंतरच्या पहिल्या पाच दिवसांत डोळा लाल, सुजलेला, गढूळ किंवा पू आलेला दिसला तर तासाचाही उशीर नको. आत जंतुसंसर्ग झालेला असू शकतो.

लेसरने डोळा भाजतो, नजर जाते असं शेजारी म्हणतात.

लेसर मधल्या, अक्षरं वाचायला लागणाऱ्या जागेवर देतच नाहीत. कडेची नजर थोडी अरुंद होते, आणि चष्मा लागण्याची शक्यता वाढते. त्या बदल्यात मधली दृष्टी वाचते. वेळेवर लेसर झालेल्या दहापैकी सुमारे नऊ डोळ्यांमध्ये पडदा जागेवर राहतो.

पडदा सुटला असेल तर?

स्टेज ४ मध्ये मधला भाग अजून चिकटलेला असेल तर शस्त्रक्रियेने बऱ्यापैकी नजर वाचू शकते. तीही लवकर हवी, आणि ती करणारी मोजकीच केंद्रं देशात आहेत. स्टेज ५ मध्ये शस्त्रक्रिया करूनही बहुतेक वेळा उजेड-अंधार किंवा हलणाऱ्या सावल्या एवढंच कळतं. हे पालकांना स्पष्ट सांगितलं पाहिजे. उगाच आशा लावून शहराशहरांतून फिरवण्यापेक्षा अशा बाळाला स्पर्श, आवाज आणि उरलेल्या उजेडाच्या आधारे शिकवायला पहिल्या महिन्यांपासून सुरुवात झालेली बरी.

बाळ माझ्याकडे बघतं, दिव्याकडे वळतं. तरी तपासायचं?

हो. स्टेज ३ असलेलं बाळही दिव्याकडे बघतं. बाहुलीत पांढरं दिसायला लागणं, डोळा तिरळा होणं, नजर न लागणं ही सगळी उशिराची लक्षणं. पांढरी बाहुली दिसली तेव्हा पडदा बहुधा सुटलेला असतो. आणि काजळ, मध, दुधाचे थेंब डोळ्यात घालू नका. त्याने आरओपी बरा होत नाही, संसर्ग मात्र होतो.

जुळ्यांपैकी एकाचा रिपोर्ट चांगला आला. दुसऱ्याचं?

दोघांचे चार डोळे वेगवेगळे तपासायचे.

खर्च किती?

सरकारी इस्पितळात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी बाळावर एक वर्षापर्यंत मोफत उपचार होतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या ३० आजारांच्या यादीतही आरओपीचं नाव आहे. रेफर कागदावर 'आरओपी' हा शब्द लिहून घ्या, त्याने काउंटरवरचं काम सोपं होतं. खाजगीत जात असाल तर दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड तिथे या उपचारासाठी चालतं का ते दाखल होण्याआधी विचारा.

पुढच्या खेपेला हे टाळता येईल?

वेळेआधी प्रसूती होणार अशी चिन्हं दिसली की आईला देतात त्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनांनी बाळाची फुप्फुसं सावरतात आणि ऑक्सिजन कमी लागतो. म्हणून कळा लवकर सुरू झाल्या तर 'बघू सकाळी' म्हणत थांबू नका, एनआयसीयू असलेल्या इस्पितळातच जा. जन्मानंतर आईचं दूध, कांगारूसारखं छातीशी धरणं आणि बाळाला हात लावण्याआधी प्रत्येकाने हात धुणं यांनी संसर्ग टळतो, वजन वाढतं आणि त्याचा फायदा डोळ्यांना होतो.

आजार बरा झाला. आता डोळ्यांचं काम संपलं का?

नाही. या मुलांना जवळचंच दिसणारा मोठा नंबर, तिरळेपणा आणि एक डोळा आळशी होणं हे पूर्ण दिवसांच्या मुलांपेक्षा बरंच जास्त होतं. आरओपी सौम्य होता किंवा झालाच नव्हता, तरीही. पहिल्या वर्षात दोनदा आणि मग शाळेत जाईपर्यंत दरवर्षी नंबर तपासून घ्या. आठ महिन्यांच्या बाळालाही चष्मा लागतो आणि ते तो घालतं. इलॅस्टिकच्या पट्ट्याचा, मऊ फ्रेमचा घ्या. पहिले चार दिवस ओढून काढतं, पाचव्या दिवशी स्वच्छ दिसतंय हे त्यालाच कळतं. लेसर किंवा इंजेक्शन झालेल्या मुलाचा पडदा मोठेपणीही तपासत राहावा लागतो, म्हणून जन्माचं कार्ड, प्रत्येक तपासणीचा कागद आणि लेसरची नोंद एका प्लास्टिकच्या फायलीत ठेवा आणि सगळ्यांचे फोटो मोबाइलमध्येही काढून ठेवा. गोव्यातल्या पावसात कपाटातलेही कागद बुरसतात, आणि पंधरा वर्षांनी नव्या डॉक्टरांना जन्मवजन लागतंच.